रंजिता आणि चौदाशे वीस मीटर

पुलगावात सोसायटीच्या ऑफिसपासून कापूस यार्डातल्या वजनकाट्यापर्यंत जमिनीखालून केबल गेली आहे. चौदाशे वीस मीटर. ती आम्ही टाकली, २००४ साली, दिवाळीच्या आधी. अकरा माणसं, एकोणीस दिवस. खणणं, वाळू पसरणं, केबल ओढणं, वर पुन्हा वाळू, त्यावर विटा, मग भराव; सगळं धरून माणशी दिवसाला सात मीटरही पडले नाहीत. काळी माती वरून वाळलेली दिसते. खाली हातभर गेलं की फावड्याला चिकटते आणि सोडत नाही. दर दोन-तीन घमेल्यांमागे फावडं खरवडावं लागतं. हा वेळ कोणी मोजत नाही. मी मोजतो.

केबलीत तीन जॉइंट. तिन्ही माझ्या हातचे.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले आणि हीच केबल उकरून काढायची वेळ आली. ती टळली रंजितामुळे. म्हणून हे तिच्याविषयी लिहितो आहे.

रंजिता ही बापूरावांची मुलगी. पुलगावहून नाचणगावकडे जाताना त्यांचं वावर लागतं. तीन एकर, विहीर, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आई सखूबाई बाजारात बसायची. मी रंजिताला पहिल्यांदा पाहिलं १९९७ साली. आम्ही टेलिफोनची केबल टाकत होतो आणि आमचा चर बापूरावांच्या शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून गेला. वांग्याला पाणी नेणारा पाट त्यात कापला गेला. बुजवताना तो आम्ही अंदाजानं जोडून दिला. दहावीतली पोरगी घरातून आली आणि पाटाकडे पाहत उभी राहिली.

"काका, पाणी चढते का इथून?"

"चढते नं. जोडला ना पाट."

"सोडून पाहू का मंग?"

तिनं मोटर चालू केली. पाणी आमच्या जोडावर येऊन थांबलं आणि बाजूला पसरलं. आम्ही पुन्हा उकरलं, उतार दिला, ठोकलं. तासभर गेला. आमच्यातल्या धर्मेंद्रनं तिला ऐकू जाईल अशा आवाजात दोन-चार शब्द वापरले. तिनं ते ऐकले नाहीत असं दाखवलं. पाणी शेवटच्या वाफ्यात पोहोचेपर्यंत ती उभी होती. मग मोटर बंद करून घरात गेली आणि सखूबाईंच्या हातून चहा पाठवला.

पुढे तिनं वर्ध्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. पहाटे मेथीच्या जुड्या बांधून द्यायच्या आणि मग पॅसेंजर धरायची. तीन वर्षं असं चाललं. डिप्लोमा झाल्यावर वर्ध्याच्या कापूस सोसायटीत कच्च्या नेमणुकीवर लागली. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, टायपिंगला बाई आली. तिच्याकडे टायपिंग आलंच, पण कोपऱ्यातल्या कपाटातली यंत्रंही आली. ती लावायला नागपूरहून एक इंजिनिअर दोन दिवस आला होता. तो गेला. त्याचं इंग्रजी पुस्तक मागे राहिलं. ते तिनं डिक्शनरी घेऊन वाचलं. चारशे पानं, दीड वर्ष. हे मला तिच्या बापानं सांगितलं, तक्रारीच्या सुरात. दोन स्थळं याच काळात परत गेली होती.

आता त्या यंत्रांचं थोडं सांगावं लागेल. मला जेवढं समजलं तेवढंच सांगतो.

प्रत्येक ऑफिसात एक राउटर असतो. तो नाक्यावरच्या माणसासारखा. माहितीचं पुडकं आलं की कुठे जायचं ते विचारतो आणि पुढच्या वाटेला लावतो. कोणती वाट कुठे जाते हे राउटर एकमेकांना सांगत असतात. वर्ध्याच्या सोसायटीचे राउटर हे साध्या पद्धतीनं सांगत. अमुक ठिकाण किती नाक्यांवर आहे, एवढंच. या पद्धतीचं नाव रिप. हिंगणघाटच्या सोसायटीचे राउटर पूर्ण नकाशा ठेवत. त्या पद्धतीचं नाव ओएसपीएफ. दोघींची भाषा वेगळी. एकीचे रस्ते दुसरीला कळायचे तर मध्ये दुभाषी हवा. या कामाला रंजिता रीडिस्ट्रिब्यूशन म्हणायची. शब्द पाठ झाला, कारण तीन दिवसांत मी तो शंभरदा ऐकला.

ही वेळ आली कारण त्या वर्षी दोन्ही सोसायट्या एक झाल्या. एक झाल्या म्हणजे कागदावर. नाव कोणाचं आधी यावर पाटी दोनदा रंगवली. पहिल्या सभेत दोन्ही अध्यक्षांना एकाच वेळी हार घालावे लागले, म्हणून हार घालायला दोन माणसं लागली. वर्धा ते हिंगणघाट दोन लाइनी भाड्यानं घेतलेल्या होत्या, एक यांची आणि एक त्यांची. एक सोडून द्या असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. दुभाषी कुठे बसवायचा यावरही तेच. वर्ध्यात बसवला तर हिंगणघाटचे म्हणाले, आम्ही काय पोरीकडचे? म्हणून दोन्हीकडे बसवले. रंजिताला सांगण्यात आलं, यांचं सगळं त्यांना कळलं पाहिजे, त्यांचं सगळं यांना, आणि दोन्ही दारांतून, म्हणजे दोन्ही दुभाष्यांकडून, सारखं. तिनं तसंच केलं.

ऑगस्टात हे झालं. तेव्हा आमची केबल नव्हती, त्यामुळे काही बिघडलं नाही.

दिवाळीनंतर केबल जोडली. ऑफिस आणि यार्ड यांच्या मधोमध रस्त्याकाठी एक चौकी आहे, तिथेही एक राउटर बसला. सोमवारी पुलगावच्या यार्डात खरेदी सुरू होणार होती. काट्यावर गाडी चढली की वजनाची चिठ्ठी थेट वर्ध्यात निघायची, असं ठरलं होतं. शुक्रवारी चाचणी घेतली. वर्ध्याहून पुलगावचं ऑफिस लागलं. काटा लागला नाही. वर्ध्यातलं यंत्र बंद करून चालू केलं की काटा लागायचा, मिनिटभर. मग पुन्हा बंद.

सोसायटीचे मॅनेजर मधुकरराव. व्यापारी घरातले, मूळचे वर्ध्याचे. वाईट माणूस नव्हे, पण घाईचा. त्यांनी हिशेब सरळ केला. ऑफिस लागते, काटा लागत नाही. दोघांच्या मध्ये काय आहे? केबल. लागून पुन्हा तुटते म्हणजे काय? जॉइंटमध्ये पाणी.

शनिवारी सकाळी आम्हाला चौकीवर बोलावलं. मधुकरराव स्कूटरवरून आले.

"महादेवराव, जॉइंट कच्चा हाये तुमचा."

"मेगर लावला साहेब. तिन्ही जॉइंट कोरडे हायेत." मेगर म्हणजे केबल ओल धरते का ते मोजायचं यंत्र.

"तुमच्याच मेगरनं तुम्हीच पाह्यलं. वा."

"तुम्ही पाहा मंग. हँडल फिरवा."

"मले काय समजते त्यातलं?" ते म्हणाले. "सोमवारी सात वाजता मी गेट उघडतो. तवरक चाललं त चाललं. नाई त ठेकेदाराले सांगून दुसरा जॉइंटर आणतो आन् खोदून पाहातो."

खोदून पाहतो. जो हे म्हणतो त्यानं कधी खोदलेलं नसतं. जॉइंट उघडायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंनी केबल मोकळी करावी लागते. विटा एकेक उचलाव्या लागतात, फावडं मारलं तर केबलच कापेल. ताजा भराव खचतो, दुप्पट माती निघते. आणि ते सगळं आमच्या अंगावर, कारण काम आमचं कच्चं ठरलेलं. शिवाय ठेकेदाराकडे जॉइंटरची यादी असते. एकदा दुसऱ्यानं येऊन आपला जॉइंट उघडला की त्या यादीत आपलं नाव राहत नाही. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो. जॉइंटिंग सोडून फक्त फावडं हातात घ्यायचं वय राहिलं नव्हतं.

साडेदहाच्या गाडीनं रंजिता वर्ध्याहून उतरली आणि चालत चौकीवर आली. खांद्याला पिशवी. सात वर्षांनी समोर येत होती, तरी ओळखलं.

"काका, मेगरवर किती आलं?"

मी आकडे सांगितले. तिनं वहीत लिहिले आणि मला वाचून दाखवले. मग आम्ही सगळे ऑफिसात गेलो. तिथून तिनं काट्याला हाक मारली. म्हणजे पुडकं पाठवायचं आणि उत्तर येतं का पाहायचं. एक हजार पाठवली. आम्ही बसून राहिलो. एक हजार परत आली.

"एकही गळालं नाई," ती म्हणाली. "केबल चांगली हाये साहेब."

"मंग वर्ध्यात काऊन बंद हाये?"

"तेच पाहाचं हाये."

"पाहाचं हाये म्हणजे तुले ठाऊक नाई."

"आज नाई ठाऊक."

"मंग केबल चांगली हाये हेही कसं म्हणू मी?" मधुकररावांनी हात जोडले. "बाई, सोमवार."

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "उद्या वर्ध्याले येजा काका. तुम्ही समोर असले पाह्यजे. आन् चौकीत एक माणूस बसवून ठेवा, फोन उचलनारा."

धर्मेंद्रला चौकीत बसवला. रविवारी मी वर्ध्याला गेलो. ऑफिस बंद होतं, चौकीदारानं दार उघडून दिलं. रंजिता आधीच येऊन बसली होती. मी स्टूल ओढून तिच्या बाजूला बसलो.

तिनं एक काम केलं. वर्ध्याहून काट्याकडे पुडकं सोडलं आणि ते वाटेत कुठे कुठे जातं ते यंत्राला लिहायला लावलं. एकेक ओळ पडद्यावर उतरू लागली. नुसते आकडे. तिनं मला बोटानं सांगितलं, हा आकडा वर्ध्याचा, हा हिंगणघाटचा. मग मीच वाचू लागलो. वर्धा. हिंगणघाट. वर्धा. हिंगणघाट. वर्धा. तीस ओळी झाल्या आणि यंत्र थकून थांबलं.

"अवो, हे त पुलगावले जातच नाई!" मी म्हणालो.

"नाई जात."

"म्हणजे माह्या केबलीत पायच नाई टाकला त्यानं."

"नाई टाकला."

मी स्टुलावरून उठलो आणि पुन्हा बसलो. "याचा कागद काढून दे मले. मधुकररावांच्या तोंडासमोर धरतो."

"देतो." आमच्याकडे बायकाही देतो, करतो असंच बोलतात. "पन कागदानं काटा चालू होत नाई. सोमवारी काटा बंद राह्यला त कागद कोन वाचते?"

ते खरं होतं. ती दोन्ही दारांच्या यंत्रांत तिनं स्वतः लिहिलेलं वाचू लागली, आधी वर्ध्याचं, मग लाइनीवरून हिंगणघाटचं. वहीवर दोन चौकोन काढले, मध्ये दोन रेघा. रेघांवर बाण काढले, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग पेन खाली ठेवलं.

"काका, हे मी केलं हाये."

"काय?"

"ऑगस्टात. मी लिहिलं, दोन्हीकडचं सगळं दोन्हीकडं सांग. दोन्ही दारांवर तेच लिहिलं. म्हणजे कसं झालं पाहा. वर्ध्याचा हिंगणघाटले एका लाइनीवर सांगते, काटा माह्याकडून हाये. हिंगणघाटचा तेच ऐकून, भाषा बदलून, दुसऱ्या लाइनीवर वर्ध्यालेच सांगते, काटा माह्याकडून हाये."

"त्याले कोनी सांगतलं?"

"वर्ध्यानंच."

"मंग वर्ध्याले समजत नाई, हे आपलंच बोलनं हाये म्हनून?"

"कसं समजीन? त्यावर काई लिहिलेलंच नाई." ती चौकोनाकडे पाहत होती. "साध्या पद्धतीत किती नाके ते सांगावं लागते. मी सगळ्याले सरसकट दोन लिहिले. कोनाले कमी नको, कोनाले जास्त नको. काटा खरा तीन नाक्यांवर हाये, ऑफिस, चौकी, यार्ड. हिंगणघाटचा म्हंते दोन. वर्ध्याचा म्हंते, दोन बरे. तिकडं धाडते. हिंगणघाटचा आपल्या नकाशात पाहाते, नकाशात लिहिलं वर्धा. तो इकडं धाडते."

"आन् ऑफिस काऊन चालते?"

"ऑफिस एका नाक्यावर हाये. दोनापेक्षा एक कमी. म्हनून वाचलं."

आमच्या बाजारात नवा माणूस पत्ता विचारतो तेव्हा किराणावाला पानठेल्याकडे बोट दाखवतो आणि पानठेलेवाला किराण्याकडे. दोघेही खोटं बोलत नाहीत. तो माणूस उन्हात फिरत राहतो. यंत्र बंद करून चालू केलं की मिनिटभर का चालायचं तेही मग कळलं. सगळं विसरलेलं यंत्र आधी पुलगावचं खरं ऐकायचं. हिंगणघाटचं उलटं येऊन पोहोचेपर्यंत काटा लागलेला असायचा.

तिनं हिंगणघाटच्या यंत्रात दोनाचे नऊ केले. तीनपेक्षा नऊ जास्त, आता वर्धा तिकडे कशाला धाडेल? काट्याला हाक मारली. लगेच उत्तर. मिनिट गेलं, पाच गेले, पंधरा गेले. चालूच.

"झालं," मी म्हणालो. "चाल, जेवून घे."

"चौकीत फोन लावा."

धर्मेंद्रनं उचलला. तिनं त्याला सांगितलं, काट्याकडे जाणाऱ्या केबलीची पिन राउटरमधून काढा आणि मी म्हटल्यावर लावा. पिन काढली. वर्ध्याच्या यंत्रानं म्हटलं, काट्याला रस्ता नाही. बरोबर होतं. पिन लावली, रस्ता आला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा पिन काढली आणि वर्ध्याच्या यंत्रानं सांगितलं, काटा हिंगणघाटकडून आहे, नऊ नाक्यांवर.

"काटाच नाई तिथं," ती म्हणाली, "आन् हे म्हंते रस्ता हाये, हिंगणघाटचं शिळं ऐकून."

"पिन लावली का बरं होते ना?"

"होते."

"मंग कोनाले दिसनार हाये, बाई?"

"उद्या सेलूचं केंद्र जोडतीन. ते दहा नाक्यांवर गेलं त? हे ठिगळ हाये काका. तुम्ही जॉइंटवर नुसती पट्टी गुंडाळून माती ढकलता का?"

मी धर्मेंद्रला फोनवर सांगितलं, जेवून घे, पुन्हा लावतो.

आम्ही जेवलो. तिनं डबा आणला होता, पोळ्या आणि वांग्याची भाजी. जेवता जेवता मी विचारलं, मग उपाय काय? एक दार बंद करायचं? ती म्हणाली, दार बंद केलं तर सोसायटी मोडेल. मग हसली.

"आमच्या आईची पेटी पाह्यली असन का तुम्ही? ब्लाउजपीसची. लग्नात, बारशात आलेले. सगळ्यांकडचे फिरून येतात. एकदा वाबगावच्या आत्याबाईनं दिलेला पीस आईनं आत्याबाईलेच दिला. दोन वर्षं बोलत नोती आत्याबाई. तवापासून आई हर पीसच्या कोपऱ्यावर पेनानं लिहिते, कोनाकडून आला. देतांनी कोपरा पाहाते. ज्या घरचा त्या घरी जात नाई, बाकी कुठंही जाईन."

आमच्या घरीही तीच पेटी आहे. कौशल्याबाई, म्हणजे माझी बायको, कोपऱ्याला गाठ मारते.

"यंत्रात असं लिहिता येते?" मी विचारलं.

"येते. पुस्तकात होतं. मले तवा वाटलं, आपल्याले काय काम? दोन त सोसायट्या." तिनं डबा झाकला. "वाचून सोडून देल्लं मी."

दुपारी एक ते तीन तिनं ते लिहिलं. वर्ध्याकडचा रस्ता पलीकडे सांगताना त्यावर एक खूण. हिंगणघाटकडच्या रस्त्यावर दुसरी. आणि दोन्ही दारांवर एकच नियम, ज्याची खूण त्याला ते परत सांगायचं नाही. प्रत्येक ओळ लिहून आधी वहीतल्या ओळीशी लावून पाहायची. हिंगणघाटचं यंत्र दुरून बदलत होती. एक ओळ चुकली तर तिथलं दारच बंद आणि पंचेचाळीस किलोमीटर जावं लागलं असतं. मी पाणी आणून दिलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मग धर्मेंद्रला पुन्हा फोन.

"काढा पिन."

"काढली."

वर्ध्याचं यंत्र: रस्ता नाही.

"लावा."

रस्ता आला. हे दहा वेळा. चौथ्या वेळेला धर्मेंद्र म्हणाला, "ताई, पिन झिजून जाईन." सातव्याला म्हणाला, "महादेवभाऊले द्या फोन." मी घेतला. "काय बे?" "काय लावलं हे? काढ लाव, काढ लाव. खड्डा खनलेला बरा." "मंग खन उद्या." त्यानं पुढल्या तीन वेळा पिन काढली, लावली. दहाच्या दहा वेळा यंत्र खरं बोललं. तिनं दोनाचे नऊ केलेले पुन्हा दोनच करून ठेवले आणि आणखी तीन वेळा पाहिलं. आता आकड्यानं काही फरक पडत नव्हता.

ती खुर्चीत मागे टेकली. दोन्ही हात डोक्यामागे. इतका वेळ तिला पाठ टेकवताना मी पाहिलं नव्हतं.

मग मधुकररावांसाठी कागद लिहायला घेतला. मी म्हणालो, "यंत्राची गडबड होती, लिही. तुहं नाव काऊन टाकते त्यात? तू कच्ची हायेस अजून."

"यंत्राची लिहिलं त ते कंपनीले फोन लावतीन. कंपनी म्हनन यंत्र चांगलं हाये. मंग पुन्हा कोन राह्यलं?"

पुन्हा केबलच राहिली असती.

तिचं पुढचं सांगून टाकतो. २००६ ला ती सोसायटीत कायम झाली. दोन वर्षांनी लग्न केलं, हिंगणघाटच्याच सोसायटीतल्या माणसाशी, मानपान न करता. सेलू, समुद्रपूर, आर्वी अशी सगळी केंद्रं तिनं जोडली आणि प्रत्येक नवीन केंद्राला पिन काढून दहा वेळा पाहिलं. हाताखाली आलेल्यांना ते जाचक वाटायचं. त्यातल्या दोघांनी मला तसं बोलून दाखवलं. मी म्हणालो, दहाच ना? करा.

सोमवारचं राहिलं.

सकाळी साडेसहाला आम्ही अकराही जण यार्डाच्या गेटवर होतो, कुदळी आणि सब्बल घेऊन. ठेकेदाराचा तसा निरोप होता. बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या. रंजिता काट्याच्या खोलीत. मधुकरराव सातला आले, गेट उघडलं, पहिली गाडी काट्यावर चढली. रंजितानं बटण दाबलं. मधुकररावांनी वर्ध्याला फोन लावला.

"निघाली का चिठ्ठी? किती वजन हाये? वाच." ते ऐकत राहिले, मग काट्यावरचा आकडा पाहिला. "हाव. ठेव."

दहा गाड्या झाल्या. वीस झाल्या. मिनिटभर चालून बंद पडायचं ते पडलं नाही. मग तिनं कागद पुढे केला. त्यांनी उभ्यानं वाचला आणि पुन्हा वाचला.

"म्हणजे तीन दिवस हे तुह्यामुळं बंद होतं?"

"हाव साहेब."

"आन् तू हे सहीनिशी लिहून देते?"

"नाई लिहिलं त तुम्ही खोदसान."

मधुकरराव माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हिच्यावर ओरडतील. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"हिंगणघाटवाल्याहिले काय सांगू? म्हंतीन आमचं दार बंद केलं."

"त्याहिचं दार उघडं हाये. आपलं आपल्यालेच परत येत नाई, एवढंच."

"हे मले जमन सांगाले," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "महादेवराव, बोललो मी तुम्हाले."

"बोलले."

"मंग आता जा घरी. खोदाचं नाई."

धर्मेंद्रनं कुदळ खांद्यावर टाकली. "साहेब, पक्कं नं? नाई त आम्ही घरी पोचलो का तुमचा निरोप येईन."

"अरे जा नं बाप्पा!"

रंजिता पुढच्या गाडीचं वजन घेत होती. मी खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "येतो बाई." ती म्हणाली, "येजा काका," आणि पुन्हा काट्याकडे पाहू लागली.

साडेनऊला मी घरी पोहोचलो. कौशल्याबाई अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं माझ्या कपड्यांकडे पाहिलं. मातीचा एक डाग नव्हता.

"काऊन लवकर आले? काम नाई भेटलं?"

"नाई निघालं काम."

"मंग आता?"

"आता काई नाई," मी म्हणालो. हातपाय धुतले, बाज सावलीत ओढली आणि झोपलो. उठलो तेव्हा चार वाजून गेले होते.